तिसरा हात

माझं पहिलं कॉमिक मी एका पोट्ट्याच्या मनगटाला चावून मिळवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, तिच्या ओट्यावर तो वाचत बसला होता आणि मी मागे उभी राहून त्याच्या खांद्यावरून वाचत होते. डाकू घोड्यावरून खाली येतो, नेमकं तिथं त्यानं पान मिटलं. मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, "चाल हट बे, पोट्टी." मग मी चावले. तो बोंबलत घरी पळाला आणि कॉमिक ओट्यावर राहिलं. संध्याकाळी त्याची आई आमच्या दारात भांडायला आली, तेव्हा बापानं तिच्या देखत मला बदडून काढलं. पण एवढ्या आरडाओरड्यात कॉमिक परत मागायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मार दिला, मार घेतला, आता वस्तू आपली, असा मी सरळ हिशेब लावला.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. इतवारीच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या आणि पुढे विटांचं कुंपण घातलेलं आवार होतं. बाप धान्याच्या बाजारात मापारी होता. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढवायचं आणि भरलेलं वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्याचं काम. त्यानं पुकारलेलं वजन बाजारात दुसरा कोणी तपासत नसे. आमचं मूळ गाव कुहीकडचं, धानाचं. तिथून तो एक थैली घेऊन आला आणि नुसत्या हाताच्या अंदाजावर नाव कमावलं, असं सगळे सांगायचे. तो हात किती जड आहे ते बाजाराला ठाऊक नव्हतं, ते आम्हाला ठाऊक होतं.

आमच्या घरात मार रोजचा होता, भाजीसारखा. कधी पातळ, कधी घट्ट. वरणात मीठ जास्त झालं तर आईला मार, कमी झालं तरी मार, आणि नीट झालं तर "आज बरं जमलं तुले" म्हणून पाठीत धपाटा, जो तो थट्टेनं घालायचा आणि जो तितकाच लागायचा. गल्लीत आम्ही काही वेगळे नव्हतो. समोरचा बायकोला पट्ट्यानं मारायचा आणि शेजारीण सासूला मारायची. मी शाळेत मारायची. मी बापावर गेले असं सगळे म्हणत आणि ते ऐकलं की मला आणखी चेव यायचा.

कॉमिक्स विकत घ्यायची ऐपत नव्हती. एक टपरीवाला भाड्यानं द्यायचा, पण त्याच्या बाकावर पोट्टे बसायचे, पोट्टीला बसू देत नसत. मी एकदा बसले तर माझी वेणी बाकाच्या खिळ्याला बांधली. बांधणाऱ्याच्या नाकातून रक्त काढून मी घरी आले आणि पुन्हा तिकडे गेले नाही. पुढची सगळी कॉमिक्स मला घरातच मिळाली, आईच्या पदराखाली.

आई कागदाच्या पिशव्या करायची. बाजारातला एक शेठ रद्दीचा गठ्ठा वजन करून घरी पाठवायचा आणि तयार पिशव्या पुन्हा वजन करूनच घ्यायचा. जितका कागद गेला तितक्या वजनाच्या पिशव्या परत आल्या पाहिजेत, म्हणजे बाईनं घरी कागद दडवला नाही. त्या रद्दीत वर्तमानपत्रं, परीक्षेचे पेपर, जुनी पंचांगं असायची, आणि मधेच एखादं कॉमिक निघायचं. कव्हर फाटलेलं, कोणी चहा सांडलेला, पण आत सगळी पानं. आणि ते कापून मला पिशवी करावी लागायची! डाकूचं मुंडकं एका पिशवीवर, घोडा दुसरीवर. मी रागानं कात्री भिंतीवर फेकायची आणि आई म्हणायची, "अवं, डोळा फोडशील कोणाचा."

एका दुपारी तिनं माझ्या हातातून कॉमिक घेतलं आणि उलटसुलट पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"हे काय वं? यात तर सारी मारपीट हाये."

"हो."

"अन् हा जाड्या कोण?"

"डाकू हाये. गाव लुटते."

"याले कोणी हाणत नाही का?"

मी पानं उलटून तिला ती जागा दाखवली. नायक एका ठोशात जाड्याला विहिरीच्या काठावरून पाडतो. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हे कापू नोको." मी म्हटलं, वजन कमी भरेल. तेव्हा तिनं चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं आणि मला जन्मभराचा धंदा शिकवला.

पिशव्या चिकटवायला मैद्याची खळ लागते. मैदा पाण्यात शिजवायचा आणि उंदीर-किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचा, त्यानं खळ निळसर दिसते. ही खळ बोटानं पातळ फिरवली तर पिशवी हलकी. जाड थापली तर वाळल्यावर कागदाइतकंच वजन धरते. आईनं त्या दिवसापासून खळ घट्ट शिजवायला सुरुवात केली. जेवढी कॉमिक्स आम्ही गठ्ठ्यातून काढायचो तेवढं वजन खळीनं भरून द्यायचो. शेठचा माणूस काट्यावर ठेवायचा, काटा बरोबर यायचा, आणि तो आईला शाबासकी देऊन जायचा. मैदा शेठच्याच घरचा होता, म्हणून मला त्यात अजूनही काही वावगं वाटत नाही.

आई कॉमिक्सना पोथी म्हणायची. मारपीटीची पोथी. ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायची आणि गोणपाटाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. दुपारी बाप बाजारात असला की दाराला कडी लावून आम्ही पोथी सोडायचो. मी वाचून दाखवायची, पण गोष्ट तिला नकोच असायची. राजकुमारी, खजिना, शाप, हे सगळं ती "हं, हं, पुढे" म्हणत उलटायला लावायची. मारामारी आली की माझा हात धरायची. कोण कुठे मारतो हे ती स्वयंपाकातल्या बाईनं दुसरीची फोडणी पाहावी तसं पाहायची.

"छातीवर मारून काय होते? इथं माराले पाहिजे होतं," असं म्हणून ती स्वतःच्या कानशिलाखाली बोट ठेवायची. तिथं तिला स्वतःला कितीतरी वेळा बसलेली होती, त्यामुळे जागा पक्की माहीत होती. कधी दंड सुजलेला असायचा, तरी डाव्या हातानं पान उलटून ती मन लावून पाहायची. मला त्या वेळी तिचा रागही यायचा. इतकं समजतं तर खातेस कशाला, असं मी एकदा तोंडावर म्हटलं. तिनं मला एक ठेवून दिली. मग आम्ही दोघी पुढचं पान वाचायला लागलो.

पेटी भरत गेली. जगात माझं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच होतं. गल्लीतल्या पोट्ट्यांकडे होती त्याहून जास्त कॉमिक्स माझ्याकडे होती आणि हे कोणाला सांगता येत नव्हतं, याचं मला फार दुःख होतं.

मग एकदा गठ्ठ्याबरोबर ती चित्रं आली. सुतळीनं करकचून बांधलं की रद्दीचे वरचे-खालचे कागद फाटतात, म्हणून गठ्ठ्याच्या वर एक आणि खाली एक पुठ्ठा ठेवलेला असायचा. त्या दिवशी पुठ्ठ्याच्या जागी जाड पांढरे कागद होते, मळलेली बाजू वर. मी सहज पालथा केला आणि हातातली सुतळी गळून पडली. कॉमिकचं पान होतं, पण छापील पानाच्या दुपटीनं मोठं. काळी शाई, आणि शाईखाली पेन्सिलीच्या पुसट निळ्या रेघा. जिथं चुकलं तिथं पांढऱ्या रंगाचे पोपडे आलेले. बोलण्याचे शब्द वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ढगाच्या आकारात चिकटवलेले. मी वास घेतला. मी जीभ लावून पाहिली. कोण्या माणसानं हे हातानं काढलं होतं, त्याचं बोट शाईत बुडून कोपऱ्यात उमटलेलं होतं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

शहरातला छपाईचे ठसे करणारा कोणी धंदा बंद करून गेला होता आणि त्याच्याकडे पडलेलं सगळं रद्दीत निघालं होतं, असं शेठच्या माणसानं सांगितलं. "जाड कागद हाये, पिशवी बनत नाही, म्हणून पुठ्ठ्यात टाकून राहिलो." पुठ्ठे मात्र परत द्यावे लागायचे. म्हणजे जितकी चित्रं ठेवायची तितके पुठ्ठे कुठून तरी आणायचे.

पुठ्ठे गांधीबागेतल्या कापडबाजारात मिळायचे. कापडाचे तागे ज्यावर गुंडाळलेले असतात ते पुठ्ठे, तागा संपला की, ठोकवाले दुकानदार बाहेर फेकायचे. पण तिथं दोन भाऊ रोज वेचायला यायचे आणि ती गल्ली आपली आहे असं समजायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला नालीत ढकललं. दुसऱ्या वेळी मी तयारीनं गेले. मोठ्या भावानं माझी वेणी धरली तेव्हा मी मागे न ओढता त्याच्या अंगावरच गेले आणि डोक्यानं त्याच्या तोंडावर आदळले. त्याचा ओठ फाटला, त्याच्या दातानं माझी भुवई फाटली. धाकट्यानं दगड उचलला. कापडवाला गादीवरून "ए, ए, रक्त मालावर नका उडवू" म्हणून ओरडला, एवढीच काय ती मध्यस्थी. पुठ्ठे काखेत घेऊन मी घरी आले तेव्हा एक डोळा रक्तानं बंद झाला होता. आईनं हळद भरली आणि विचारलं, "कुठी मारलं तू त्याले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं केलं." भुवईतला तो पट्टा अजून आहे, तिथं केस उगवत नाहीत.

त्या चित्रांतलं एक पान आईचं होऊन गेलं. त्यात डाकूनं एका बाईला केसांना धरलेलं आहे. बाईचे दोन्ही हात तोंडावर, डोळे फाटलेले, आणि तिच्या ढगात लिहिलेलं 'बचाओ!' दूर धुळीत नायकाचा घोडा. डाकूच्या जबड्याजवळ पांढऱ्या रंगाचा जाड थर होता आणि त्या थरावर जबडा पुन्हा काढलेला होता. आईनं ते पान आवारात नेलं आणि उन्हात तिरपं धरलं.

"इकडं ये वं. इथं काही दडवलं हाये."

पांढऱ्याखाली काळ्या रेघा होत्या. पुसट, पण होत्या. आधी एक बांगड्या भरलेलं मनगट दिसलं, मग मूठ दिसली, मग त्या मुठीनं वाकडा झालेला डाकूचा जबडा. चित्रकारानं आधी बाईलाच मारायला लावलं होतं. नंतर तो हात पांढरा करून टाकला आणि तिच्या तोंडावर नवा हात काढून दिला.

"हिनं हाणलं होतं त्याले," आई म्हणाली. "मंग काहून पुसलं?"

"छापणाऱ्यानं सांगितलं असंल."

"छापणाऱ्याले काय दुखलं?"

काही महिन्यांनी तेच कॉमिक छापून आलेलं रद्दीत मिळालं. त्यात बाई नुसती किंचाळते आणि नायक येऊन तिला घोड्यावर घालून नेतो. आईनं ते बाजूला सारलं. "हे कापून टाक, याची पिशवी कर," म्हणाली. मूळ पान मात्र ती रोज पाहायची. बाकीची पोथी नाही उघडली तरी चालेल, पण ते पान उन्हात धरून त्या पांढऱ्याखालची मूठ जागेवर आहे ना, हे ती बघून घ्यायची.

हिवाळ्यात एकदा हमालांचा संप झाला, बाजार बंद पडला आणि बाप दिवसभर घरी. आवारात विटांच्या चुलीवर खळीचं पातेलं होतं आणि शेजारी तयार पिशव्यांचे गठ्ठे. उन्हात खाट टाकायला म्हणून त्यानं एक गठ्ठा उचलून बाजूला ठेवला. मग थांबला. पुन्हा उचलला. हात थोडा खाली-वर केला, पोत्यासमोर करायचा तसा.

"यात कागद किती हाये?"

आई म्हणाली, "जितका देल्ला तितका."

"खोटं बोलू नोको. हा कागद नाही, ही खळ हाये."

त्यानं एक पिशवी फाडली. वाळलेल्या खळीची पापडी तडकून खाली पडली. ती त्यानं उचलली, बोटानं मोडली आणि त्याचा चेहरा बदलला. "माह्या काट्याले बाजारात कोणी बोट लावत नाही," तो म्हणाला, अगदी हळू, "अन् तू माह्या घरात बसून काटा मारून राहिली?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं. मापाऱ्याच्या घरी मापात चोरी, हे शेठला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या इतवारीत झालं असतं आणि त्याला दुसऱ्या दिवशी कोणी काट्याजवळ उभं केलं नसतं. पण तो घाबरला की बोलत नसे, मारत असे. पहिला फटका आईच्या कानशिलाखाली बसला, नेमका त्या जागी. ती विटांवर पडली. त्यानं तिला केसांना धरून उठवलं आणि तोंडावर मारलं. कागद कुठे गेला, विचारलं, पुन्हा मारलं. तिच्या तोंडातून रक्त निघालं, पेटीचं नाव निघालं नाही.

मी ओरडले, "मी घेतला! माह्याजवळ हाये!"

त्यानं एका लाथेत मला दारापाशी फेकलं आणि आत गेला. गोणपाट उडवलं. पेटी फरपटत आवारात आणली, कुलूप विटेनं फोडलं आणि लुगड्याचं फडकं दातांनी सोडलं. कॉमिक्स पाहून तो हसला. एवढ्यासाठी? म्हणजे आम्ही निदान कागद विकला असता तर त्याला समजलं असतं. मग त्यानं मूठमूठभर कॉमिक्स चुलीत कोंबायला सुरुवात केली. मी त्याच्या पाठीवर चढले, त्याच्या मानेला चावले. त्यानं मला खांद्यावरून आपटलं, माझा दंड कट्‌ वाजला आणि हात उचलेना. मी जमिनीवरून पाहत राहिले. चाव्याचं कॉमिक गेलं. विहिरीच्या काठचा जाड्या गेला. जाळ पातेल्याच्या कडेपर्यंत चढला आणि खळ भदाभदा फुटायला लागली.

मग तो मोठ्या चित्रांकडे वळला. जाड कागद लवकर पेटेना, म्हणून तो एकेक पान फाडून दोन तुकडे करून आत घालू लागला. फाडायचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटी त्याच्या हातात आईचं पान आलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुजून बाहेर आलेला, एक डोळा मिटत चाललेला. ती उठली. तिनं पदर दुमडून पातेल्याचा काठ धरला.

"पोथी ठेव खाली," ती म्हणाली.

माझ्या बापाला ती आजवर 'तुम्ही'शिवाय बोलली नव्हती. मार खाताना, रक्त ओकतानाही 'नका मारू' म्हणायची. तो एकेरी शब्द ऐकून त्यानंही मान वर केली, कोण बोललं ते पाहायला. पान त्याच्या उजव्या हातात तसंच होतं.

"ठेव खाली."

त्यानं डावा हात तिच्यावर उगारला आणि आईनं पातेलं त्याच्या उजव्या हातावर रिकामं केलं.

उकळतं पाणी निदान ओघळून जातं. खळ धरून बसते. कोपरापासून बोटांपर्यंत त्याला बाही घातल्यासारखा निळसर पांढरा थर बसला आणि त्यातून वाफ निघत होती. तो असा ओरडला की गिरणीतली माणसं बाहेर आली. त्यानं डाव्या हातानं ती खळ ओरबाडली, तेव्हा खळीबरोबर कातडी आली. तो आवारात गोल गोल फिरत होता, भिंतीवर हात घासत होता, आईला शिव्या देत होता आणि मधेच स्वतःच्या आईला हाक मारत होता. मला आनंद झाला. माझा एक हात लोंबकळत होता, माझी सगळी कॉमिक्स जळाली होती, आणि मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवायला गेले आणि दुखण्यानं पुन्हा खाली बसले. माझ्याच कॉमिक्सच्या जाळावर ती खळ उकळली होती. हे लिहितानाही तो आनंद तसाच येतो, कमी होत नाही.

दवाखान्यात त्यानं सांगितलं की पाय घसरून चुलीवर पडलो. बाजारातही तेच सांगितलं. बायकोनं भाजलं हे त्याला कोणाला सांगता येणार नव्हतं, आणि का भाजलं हे तर मुळीच नाही. त्यामुळे शेठलाही काही कळलं नाही. पिशव्यांचं काम चालू राहिलं. आईनं खळ पातळ केली नाही.

त्याच संध्याकाळी तिनं आवार झाडलं. खळीच्या थारोळ्यात तिचं पान पालथं पडलेलं होतं. एका कडेला जळलेलं, पण अख्खं. तिनं ओल्या फडक्यानं हलक्या हातानं खळ पुसली आणि मला हाक मारली. खळीबरोबर पांढरा रंग सुटून आला होता. खालची शाई पक्की होती, तिला काही झालं नव्हतं. मनगट, बांगड्या, मूठ, सगळं उघडं, आणि डाकूचा जबडा एका बाजूला फिरलेला. तोंडावरचे दोन हात तसेच होते. बाईला आता तीन हात झाले होते. 'बचाओ'ची चिठ्ठीही भिजून निघाली होती आणि ढग मोकळा राहिला होता.

"आता ती काय म्हणते?" आईनं विचारलं. ओठामुळे शब्द नीट येत नव्हते.

"काही नाही. मोकळं हाये."

"बरं हाये. मारता मारता कोण बोलते?"

मार तिथं संपला असं सांगायला मला आवडलं असतं. पट्टी निघाल्यावर बापानं एकदा डाव्या हातानं आईला मारलं. आईनं चुलीवर पातेलं ठेवलं, त्यात मैदा घातला आणि ढवळत बसली. तो थोडा वेळ उभा राहिला, मग चपला घालून बाहेर गेला. पुढे बरीच वर्षं हेच चाललं. त्याचा आवाज चढला की आई पातेलं चढवायची. आमच्या घरात इतकी खळ शिजली की कित्येकदा ती फेकावी लागली. बोलायची मात्र पुन्हा 'तुम्ही'च.

मी नोकरीला लागले, रद्दीवाल्यांकडे फिरून पुन्हा कॉमिक्स जमवली. मूळ चित्रंही दोन-चार मिळाली. आईचं पान वेगळ्या पेटीत राहिलं. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा बाहेरगावचा एक माणूस आमच्याकडे आला. मूळ चित्रं गोळा करणारा, बोलायला गोड, हातात भिंग. बाकीची चित्रं पाहून झाल्यावर मी त्याला ते पान दाखवलं, का ते मलाही ठाऊक नाही. त्यानं ते उजेडाला नेलं आणि हळहळला.

"अरेरे, रंग गेलाय," तो म्हणाला. "पण दुरुस्त होईल. पांढरं पुन्हा लावून घेऊ, हा चुकीचा हात झाकून टाकू, शब्द नवे लिहू. मग याला चांगला भाव येईल, मीच घेईन." आणि त्यानं बोटाचं नख त्या मुठीवर ठेवलं.

मी त्याचं मनगट धरलं. चावायचं वय उरलं नव्हतं, पण इतकं जोरात धरलं की भिंग खाली पडलं. बाप कोपऱ्यात खाटेवर बसला होता. उजव्या हाताची कातडी आखडून बोटं वळलेली होती, त्या हातानं त्याला शर्टाची गुंडीही लावता येत नसे. तो सगळं ऐकत होता.

आई आत भाकऱ्या थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून ती पिठाच्या हातांनी दारात आली आणि त्या माणसाकडे न पाहता खाटेकडे पाहत बोलली.

"त्याले सांग वं, तो हात चुकीचा नाही. उशिरा आला फक्त."

बापानं उजवा हात चादरीखाली घेतला. आई तव्यावरची भाकरी पाहायला आत गेली.